घरच्या माणसाला धरून उठवणं, बसवणं, चालवणं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

खुब्याचं ऑपरेशन, अर्धांगवायूचा झटका, पार्किन्सन, झिजलेले गुडघे किंवा नुसताच खूप दिवस अंथरुणावर पडून आलेला अशक्तपणा. कारण कुठलंही असो, हॉस्पिटलमधून घरी सोडताना बहुतेकांना एकच सूचना मिळते: "हळूहळू चालवा." कुठे धरायचं, कोणत्या बाजूला उभं राहायचं, हे सांगायला त्या गर्दीत कुणाला वेळ नसतो. मग घरी मुलगा एका काखेत हात घालतो, सून दुसऱ्या काखेत घालते आणि माणसाला वर ओढलं जातं. त्यात त्यांचा खांदा दुखावतो, ओढणाऱ्याची कंबर धरते आणि दोघांच्याही मनात उठण्याची धास्ती बसते.

आमच्याकडे आधी सासूबाईंचा खुबा मोडला, पुढे माझ्या वडिलांची उजवी बाजू गेली. दोन्ही वेळी घरी येणाऱ्या फिजिओंनी (व्यायाम आणि हालचाल शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टनी) हाताला धरून जे शिकवलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. त्यातलं मुख्य सूत्र आधीच सांगते: माणसाला उचलायचं नसतं. उठायचं त्यांनीच, त्यांचं बळ जिथे अपुरं पडतं, तिथे आणि तेवढाच आपण हात लावायचा. एकदा हे मनात ठसलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या वाटतात. आणि ज्यांचे पाय अजिबात वजन घेत नाहीत, त्यांना एकट्याने उभं करायचा प्रयत्न करूच नका. त्यांच्यासाठी दोन माणसं किंवा रुग्ण उचलायचं यंत्र लागतं आणि ते फिजिओकडून प्रत्यक्ष शिकावं लागतं.

१. घरी आणण्याआधी डॉक्टरांना हे विचारा

डिस्चार्जच्या कागदावर हे नेहमी लिहिलेलं नसतं, म्हणून विचारून स्वतः लिहून घ्या.

- ऑपरेशन झालेल्या पायावर किती वजन द्यायचं? पूर्ण, थोडं, नुसता पाय टेकवायचा, की अजिबात नाही? या चारही गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. "जमेल तसं" या उत्तरावर समाधान मानू नका.
- कोणत्या हालचालींना बंदी आहे? खुब्याचा सांधा बदलला असेल आणि ऑपरेशन मागच्या बाजूने केलं असेल, तर सहसा कमरेत ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही असं सांगतात. म्हणजे पाटावर बसणं, बसका दिवाण, भारतीय पद्धतीचा संडास, वाकून चप्पल घालणं हे सगळं बंद. किती दिवस, तेही विचारा.
- रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? असेल तर डोक्यावर पडल्यास साधं टेंगूळसुद्धा हॉस्पिटलात दाखवावं लागतं.
- कोणत्या गोळीने घेरी येऊ शकते? रक्तदाबाच्या, झोपेच्या, लघवी जास्त होण्याच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरतो.

फिजिओ घरी आले की त्यांनी करून दाखवलेलं नुसतं बघू नका. "आता मी करते, तुम्ही बघा" असं म्हणा. बघून कळतं, पण हाताला वळण करूनच लागतं. दिवसा ब्युरोच्या मावशी येत असतील तर त्यांनाही त्याच वेळी बोलवा. सकाळी मावशी एका पद्धतीने उठवतात आणि रात्री मुलगा दुसऱ्या, असं झालं की आजारी माणूस गोंधळतो.

२. साहित्य जमवा, पण सगळं विकत घेऊ नका

बऱ्याच गावा-शहरांत सामाजिक संस्था, मंडळं, देवस्थानं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतात. वॉकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर, वर-खाली होणारा पलंग अनामत रक्कम ठेवून नाममात्र भाड्याने मिळतो. ज्या वस्तू दोन-तीन महिनेच लागणार, त्या तिथून आणा.

- कमरेचा पट्टा, दुकानात गेट बेल्ट म्हणून मिळतो. साधारण दोन इंच रुंद, जाड कापडी. हा मात्र स्वतःचा घ्या. सगळ्या यादीत स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू हीच.
- वॉकर किंवा काठी, जे फिजिओ सांगतील ते. शेजाऱ्यांकडे पडून आहे म्हणून काठी उचलून आणू नका. उंची जुळली नाही तर आधाराऐवजी अडचण होते.
- कमोड खुर्ची, हाताचे दांडे असलेली.
- मागे पट्टा असलेली, रबरी तळव्याची सपाट चप्पल किंवा सँडल. स्लीपर नको, नुसते मोजे तर नकोच.
- जाड सुती चादर, चौघडी घालून अंगाखाली ठेवायला.
- रात्रीचा दिवा आणि हाताशी घंटी. देवघरातली छोटी घंटासुद्धा चालते.

काठीच्या आणि वॉकरच्या टोकांना रबरी बूच असतात. महिन्यातून एकदा उलटे करून बघा. त्यांच्यावरच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की ओल्या फरशीवर ते सरकतात. नवीन बूच कुठल्याही सर्जिकल दुकानात मिळतात.

उंची अशी बघायची: माणसाने घरातली चप्पल घालून सरळ उभं राहावं, हात सैल सोडावेत. मनगटावरची घडी जिथे येते, तिथे काठीची किंवा वॉकरची मूठ यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. फार उंच असेल तर खांदे वर चढतात, फार बुटकं असेल तर माणूस कमरेत वाकून चालतो.

३. घरातल्या वाटा मोकळ्या करा

पलंगापासून संडासापर्यंतची वाट ही घरातली सगळ्यात महत्त्वाची वाट. वॉकर घेऊन ती एकदा स्वतः चालून बघा. पायपुसणी, सतरंजीचे दुमडलेले कोपरे, चार्जरच्या वायरी, मध्येच ठेवलेलं टेबल सगळं उचला. पावसाळ्यात घरात दोऱ्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांखाली थेंब पडतात, ते चटकन दिसत नाहीत. सणाच्या दिवशी दारातली रांगोळी आणि समईखाली सांडलेलं तेल, या दोन्हींवरून पाय हमखास घसरतो. रांगोळी वाटेच्या कडेला काढा. उंबरठा असेल तर त्याच्या कडेला ठळक रंगाची चिकटपट्टी लावा.

पलंगावर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकायला हवीत आणि गुडघे नितंबांपेक्षा वर जाता कामा नयेत. पलंग बसका असेल तर सुताराकडून खाच असलेले लाकडी ठोकळे करून घ्या. नुसत्या विटा लावू नका, पलंग हलला की त्या निसटतात.

ज्यांना देवपूजेची सवय आहे, त्यांच्यासाठी देव टेबलाच्या उंचीवर आणा. सासूबाईंना "आता पूजा नको" म्हटलेलं अजिबात रुचलं नसतं. देव वर आले, समोर हाताची खुर्ची आली आणि त्या निमित्ताने रोज सकाळी त्या आपणहून उठायला तयार होऊ लागल्या.

४. अंथरुणात: कूस बदलणं आणि वर सरकवणं

जे स्वतः हलू शकत नाहीत, त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, टाचा, खुबे इथे जखमा होतात. दर वेळी त्या जागा बघा. दाबलेली लाली बोट लावून सोडल्यावरही तशीच राहिली, तर जखमेची सुरुवात आहे असं समजा आणि त्या जागेवर वजन येऊ देऊ नका. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तिथे जागा गरम, कडक किंवा जास्त काळसर लागते का ते हाताने बघा.

कूस बदलताना ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला तुम्ही उभं राहा. पलीकडचा गुडघा वाकवा, पलीकडचा हात छातीवर घ्या. मग एक हात त्यांच्या खांद्यामागे, एक खुब्यामागे ठेवून स्वतःकडे वळवा. खुब्याचं ऑपरेशन असेल तर दोन्ही पायांमध्ये उशी ठेवूनच वळवायचं, आणि कोणत्या कुशीवर ते डॉक्टर सांगतील तसं.

वर सरकवायचं असेल तर काखेत धरून ओढू नका. अंगाखाली घातलेली चौघडी चादर दोघांनी दोन बाजूंनी धरायची, गुंडाळी अंगाच्या जवळ आणायची आणि एकदमच उचलत वर न्यायची. ओढल्याने नाजूक कातडी चादरीला घासून सोलवटते.

५. काठावर बसवणं, आणि तिथेच थोडं थांबणं

आडव्या अवस्थेतून सरळ बसवू नका. आधी कुशीवर वळवा. पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी त्यांना खालच्या कोपरावर व वरच्या तळव्यावर जोर देऊन उठायला सांगा. पाय खाली जातात तसं धड आपोआप वर येतं. तुमचा एक हात त्यांच्या खांद्यामागे, दुसरा गुडघ्यांमागे. मान धरून कधीही उठवू नका आणि त्यांना तुमच्या गळ्यात हात घालू देऊ नका. तोल गेला तर तुमची मान त्यांच्या सगळ्या वजनाखाली येते.

बसले की लगेच उभं करू नका. एक-दोन मिनिटं पावलं वर-खाली हलवायला सांगा, दोन शब्द बोला. चेहरा फिका पडतो का, डोळे मिटतात का, घाम येतो का बघा. घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर सुरुवातीचे काही दिवस आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना कळवा. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून हा त्रास पुष्कळदा कमी होतो. पहाटे संडासला घाईने उठताना येणारी भोवळ बऱ्याचदा यामुळेच असते.

६. उभं करणं

इथे घाई करू नका. सगळ्या लेखातली ही पायरी नीट वाचा.

पट्टा कपड्यांवरून कमरेला बांधा, बक्कल पुढे पण पोटाच्या मधोमध नको, थोडं बाजूला. दोन बोटं जेमतेम आत जातील इतका घट्ट. पट्टा खालून वर असा मुठीत धरायचा, म्हणजे हात निसटत नाही. पोटाचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल, पोटावर पिशवी किंवा नळी असेल, बरगडी किंवा मणका मोडलेला असेल, तर विचारल्याशिवाय पट्टा वापरू नका.

मग हा क्रम:

- त्यांना ढुंगण पुढे सरकवत पलंगाच्या कडेला आणा. एकदा डावं, एकदा उजवं.
- पावलं मागे घ्या, गुडघ्यांच्या थोडी आत. पुढे पसरलेल्या पायांवर कुणीच उभं राहू शकत नाही.
- तुम्ही दुबळ्या बाजूला, थोडं समोर. पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. दुबळा गुडघा मुडपत असेल तर तुमचा गुडघा त्याच्या समोर टेकवून ठेवा.
- त्यांनी पुढे वाकायचं, नाक पावलांच्या बोटांवर येईल इतकं. पुढे झुकायची भीती वाटते म्हणून माणसं मागे रेलून उठायला बघतात आणि परत बसतात.
- हातांनी पलंगाचा काठ किंवा खुर्चीचे दांडे खाली दाबत उठायचं.
- "एक, दोन, तीन, उठा" असं मोठ्याने म्हणा. तीनवर उठायचं की "उठा"वर, हे आधी ठरवा.

वॉकर समोर दिसला की दोन्ही हात आपोआप त्याच्याकडे जातात. सासूबाई तो धरून स्वतःला वर ओढायला बघायच्या. तसं केलं की वॉकरचे मागचे पाय जागच्या जागी राहतात, समोरचे दोन अधांतरी उचलले जातात आणि सगळा सांगाडा अंगावर येतो. म्हणून उठेपर्यंत वॉकर हातभर लांब ठेवायचा. उठल्यावर एक हात मुठीवर, मग दुसरा.

अर्धांगवायू झालेल्या माणसाचा लुळा हात धरून कधीही ओढू नका, काखेत हात घालून उचलूही नका. त्या खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात. सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन् महिने दुखत राहतो. उजवी बाजू गेली की पुष्कळदा बोलणं आणि समजणंही अडखळतं. वडिलांना "पुढे सरका" समजायचं नाही, पण मांडीवर हलकी थाप दिली की ते लगेच सरकायचे. अशा वेळी एका वेळी एकच सूचना, तीही हाताच्या खुणेसकट.

तिसऱ्या प्रयत्नातही उठता येत नसेल तर थांबा. पाणी द्या, पाच मिनिटं जाऊ द्या. रोज उठणारं माणूस आज एकाएकी उठत नाहीये, नेहमीपेक्षा गोंधळलेलं आहे, तर ताप, लघवीचा संसर्ग, साखर, नवा झटका यातलं काही असू शकतं. तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ जड झाली तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

७. पलंगावरून खुर्चीत

खुर्ची किंवा व्हीलचेअर चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी लावा. दोन्ही ब्रेक लावा, हाताने हलवून खात्री करा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडा. त्या पट्टीवर पाय देऊन उभं राहिलं तर व्हीलचेअर पुढे उलटते. वरच्याप्रमाणे उभं करा, छोटी छोटी पावलं टाकत वळवा. ऑपरेशनच्या पायावर गिरकी घेऊ देऊ नका. खुर्चीची कड पोटऱ्यांना लागली की हात मागे नेऊन दांडे धरायला सांगा, मगच खाली बसायचं, हळू. तुम्हीही कमरेतून पिळू नका; पावलं टाकून अंगासकट वळा.

८. चालणं

तुम्ही दुबळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. एक हात मागून पट्ट्यावर, दुसरा त्यांच्या खांद्यासमोर, न धरता तयारीत. समोर उभं राहून दोन्ही हात धरून मागे मागे चालत नेणं आपल्याकडे फार दिसतं. त्यात माणूस तुमच्याकडे ओढला जातो, स्वतःचा तोल सांभाळतच नाही, आणि तुम्हाला मागचं दिसत नाही.

वॉकरचा क्रम: आधी वॉकर एक पाऊल पुढे, चारही पाय टेकले की दुबळा पाय, मग चांगला पाय. वॉकरच्या पुढच्या दांडीपर्यंत आत घुसायचं नाही. घडीचा वॉकर असेल तर उघडल्यावर दोन्ही बाजूंचं कुलूप "टक" वाजलं की नाही ते ऐका.

काठी चांगल्या बाजूच्या हातात. डावा गुडघा दुखत असेल तर काठी उजव्या हातात. हे उलट वाटतं आणि बहुतेक जण दुखऱ्याच बाजूला धरतात. पण काठी आणि दुबळा पाय एकत्र पुढे टाकले की शरीराचं वजन दोघांत वाटलं जातं.

कपडे बघा. गाऊन घोट्याच्या वर, साडीच्या निऱ्या आखूड, लुंगीऐवजी नाडीचा पायजमा. दारावरची बेल वाजली, फोन वाजला की माणूस क्षणभर विसरतो आणि घाईने वळतो. चालताना फोन तुमच्या खिशात ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा की त्या वेळात हाका मारायच्या नाहीत. नमस्काराला आलेल्या पाहुण्यांनी माणूस बसलेलं असतानाच पाया पडावं. उभ्याने आशीर्वादाला वाकण्यात तोल जातो.

पार्किन्सनच्या माणसाचे पाय दारात किंवा वळणावर जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात. तेव्हा पुढे ओढलं तर वरचं धड येतं आणि पाय तिथेच राहतात. थांबा. सरळ उभं राहू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर डोलवायला सांगा, मग "डावा, उजवा" असा ठेका द्या किंवा तुमचं पाऊल त्यांच्यासमोर आडवं ठेवून ते ओलांडायला सांगा. दारात जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या तरी पुष्कळांचं पाऊल सुटतं.

दिसत नसलेल्या माणसाला मागून ढकलत नेऊ नका. त्यांना तुमचं कोपर धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला.

९. संडास-बाथरूम

बाथरूमचं दार अरुंद असतं. वॉकर घ्यायच्या आधी दाराची रुंदी मोजा. कडी आतून लावू देऊ नका, पडदा लावा किंवा बाहेर उभं राहा, पण कडी नको. दार आत उघडणारं असेल आणि माणूस दारालाच टेकून पडलं तर बाहेरून उघडत नाही. शक्य असेल तर सुताराकडून ते बाहेर उघडणारं करून घ्या.

आधाराचे दांडे भिंतीत पक्के बसवून घ्या. टॉवेलचा दांडा, नळ, वॉश बेसिन माणसाचं वजन घेत नाहीत. रबरी चोषकाने भिंतीला नुसते चिकटवायचे दांडे ओल्या टाइलवरून निसटतात. प्लॅस्टिकच्या साध्या खुर्चीवर आंघोळ घालणं टाळा. ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात. रबरी बुचांची, भक्कम पायांची खुर्ची हवी.

आंघोळीआधी अंगाला खोबरेल लावायची सवय असेल तर निदान तळवे, हात आणि कंबर सोडा. तेलकट कातडीवर धरलेला हात सुटतो आणि तेलाचं पाणी फरशीवर पसरतं. मालिश करायचीच असेल तर आंघोळीनंतर, अंथरुणात. ऑपरेशनच्या जागेवर मात्र नाही.

रात्री कमोड खुर्ची पलंगाशेजारी ठेवा. तिथे पोचायला दोन पावलं पुरतात. लाज वाटते म्हणून बरेच वडीलधारे अंधारात एकटे उठून बाथरूमकडे जातात. झोपण्याआधी आपणहून एकदा विचारा, आणि "घंटी वाजवा, मी जागीच आहे" असं रोज सांगा. संडासच्या धास्तीने पाणी पिणं कमी केलेलं असतं, तेही बघा. पाणी कमी पडलं की भोवळ वाढते.

१०. जिना

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. कठडा एका हातात, काठी दुसऱ्या. घडी न केलेला वॉकर जिन्यावर वापरायचा नाही. तुम्ही नेहमी खालच्या अंगाला: चढताना त्यांच्या मागे एक पायरी खाली, उतरताना समोर एक पायरी खाली, पट्टा धरून. एका पायरीवर दोन्ही पाय आले की मग पुढची.

लिफ्ट नसलेल्या इमारतीतून खुर्चीवर बसवून उतरवायची वेळ आली, तर घट्ट लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्या आणि माणसाला ओढणीने तिला बांधा. तोंड उतरणीकडे, खुर्ची मागे झुकवलेली. दोघांनी वरून पाठ धरायची, दोघांनी खालून पाय, आणि एकानेच आज्ञा द्यायच्या.

११. तोल गेला तर, पडले तर

चालताना गुडघे मुडपायला लागले तर उभं धरून ठेवायचा अट्टाहास करू नका. पट्टा धरून त्यांना स्वतःच्या अंगाशी ओढा, एक पाय पुढे काढा आणि तुमच्या मांडीवरून हळूहळू जमिनीवर सरकू द्या. डोकं सांभाळा, बाकी होऊ द्या. सावकाश खाली बसवणं म्हणजे पडणं नव्हे.

पडलेलं माणूस दिसलं की सगळे धावून उचलायला बघतात. आधी उचलू नका. शेजारी बसा, बोला. डोकं आपटलं का, मान किंवा पाठ दुखते का, खुब्यात कळ येते का? एक पाय आखूड आणि पाऊल बाहेर वळलेलं दिसलं तर खुब्याचं हाड मोडलं असण्याची शक्यता मोठी. मग मालिश नाही, बाम नाही, हाडवैद्य नाही, पाय ओढून सरळ करणं नाही. पांघरूण घाला आणि १०८ बोलवा.

काही दुखत नसेल आणि माणूस सावध असेल, तर दोन खुर्च्या आणा. कुशीवर वळून, हातांवर आणि गुडघ्यांवर आणा. समोरच्या खुर्चीवर हात ठेवायला लावा, चांगलं पाऊल पुढे टेकवा, रेटा देऊन उठायला सांगा आणि तेवढ्यात दुसरी खुर्ची मागून सरकवा. ज्यांना गुडघ्यावर येता येत नाही, ते बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत पलंगाशी येऊ शकतात. खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर हे काही करू नका, सरळ डॉक्टरांना फोन करा.

१२. गाडी, रिक्षा

गाडीत पुढची सीट पूर्ण मागे सरकवा. पाठ सीटकडे करून उभं करा, आधी बसवा, मग दोन्ही पाय एकत्र आत. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली की अंग सहज वळतं. निघताना ती काढून घ्या. रिक्षाची पायरी उंच आणि आत जागा अडचणीची असते. खुब्याच्या ऑपरेशननंतर सुरुवातीला रिक्षा टाळाच.

१३. कागदपत्रं आणि सवलती

अपंगत्व कायमचं राहणार असं डॉक्टर म्हणत असतील तर उशीर करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, आणि बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के लागतात. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज करायचा. जवळ ठेवा: आधार, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचा फोटो, सहीचा किंवा अंगठ्याचा नमुना, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, सीटी किंवा एमआरआयचे रिपोर्ट. सगळ्याच्या झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो.

महाराष्ट्रात ६५ आणि त्याहून जास्त वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साधनांसाठी एकदा ३,००० रुपये बँक खात्यात मिळतात. केंद्राच्या २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरजू ज्येष्ठांना शिबिरांमधून एलिम्कोची (अशी साधनं बनवणारी केंद्र सरकारची कंपनी) काठी, वॉकर, व्हीलचेअर विनामूल्य देतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे. तपासणी, व्यायाम आणि कृत्रिम साधनं एकाच आवारात होतात.

तपासणीच्या दिवशी सरकारी रुग्णालयात रांग असते. सकाळची गोळी आणि खाणं चुकवू नका. स्वतःचा पट्टा आणि वॉकर बरोबर न्या, एक जादा पायजमा किंवा गाऊन पिशवीत टाका, आणि सोबत दोघं जा: एक जण रांगेत उभा राहील, दुसऱ्याने माणसाजवळून हलायचं नाही. गेटवर व्हीलचेअर मिळाली तर बसवण्याआधी दोन्ही ब्रेक लावून बघा. त्यातला एक ढिला असेल तर दुसरी मागा.